ट्रायल्स सायकलचे डिस्क ब्रेक : कॅलिपरच्या आधी माउंट बघा

या वेळच्या प्रश्नांत ‘कोणता कॅलिपर घेऊ’ हाच सूर जास्त होता. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणारा भाग, आणि माउंट म्हणजे फ्रेमवरची त्याची बैठक. उत्तरं देण्याआधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. ट्रायल्समध्ये, म्हणजे पाय न टेकता अडथळ्यांवरून उड्या मारत सायकल नेण्याच्या खेळात, ब्रेकने वेग कमी करायचा नसतो, चाक जागच्या जागी धरून ठेवायचं असतं. मागच्या चाकावर उड्या मारताना सगळं वजन त्या एका चाकावर येतं आणि जोर कधी पुढे लागतो, कधी मागे. त्यामुळे कॅलिपर कितीही दणकट असला तरी तो ज्या बैठकीवर बसलाय ती हलत असेल, तर पैसे वाया गेले.

प्रश्न : नवीन फ्रेम घ्यायची आहे. एकीला आयएस (इंटरनॅशनल स्टँडर्ड) माउंट आहे, दुसरीला पोस्ट माउंट. कॅलिपर माझ्याकडे पोस्ट माउंटचा आहे. कोणती घेऊ?

पोस्ट माउंटची. पण फ्रेमचं माउंट किती मिलिमीटरच्या डिस्कसाठी बनवलंय ते आधी विचारा. तुम्हाला हवी तीच डिस्क, समजा 160, थेट बसत असेल तर मधे अ‍ॅडॉप्टर (जुळवणीचा तुकडा) लागत नाही. दोन बोल्ट, एक जोड, काम संपलं. माउंट 180 चं असेल तर मात्र 160 ची डिस्क कधीच बसणार नाही. अ‍ॅडॉप्टरने कॅलिपर बाहेर सरकवता येतो, आत नाही.

दोन्हींतला फरक असा. आयएसमध्ये बोल्टच्या भोकांत 51 मिलिमीटर अंतर असतं आणि बोल्ट आडवे, म्हणजे एक्सलला समांतर जातात. फ्रेमला आटे नसतात, नुसती भोकं असतात. पोस्ट माउंटमध्ये अंतर 74 मिलिमीटर, बोल्ट चाकाच्या पातळीत उभे राहतात आणि आटे फ्रेममध्येच असतात. कॅलिपरची भोकं लांबट असल्यामुळे बोल्ट सैल करून तो डावी-उजवीकडे सरकवता येतो.

आयएस फ्रेमवर पोस्ट माउंट कॅलिपर लावायचा म्हणजे मधे अ‍ॅडॉप्टर आला. चार बोल्ट, दोन जोड. रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही, पण ट्रायल्समध्ये प्रत्येक जोड ही सैल पडायची आणखी एक जागा. अ‍ॅडॉप्टर घेताना आणखी एक गफलत होते: आयएसमध्ये जो अ‍ॅडॉप्टर पुढच्या 180 च्या डिस्कला लागतो, तोच मागे 160 ला लागतो. त्यावर कोरलेलं नीट वाचूनच घ्या.

आयएसच्या बाजूनेही बोललं पाहिजे. आटे अ‍ॅडॉप्टरमध्ये असतात, त्यामुळे ते गेले तर अ‍ॅडॉप्टर बदलला की झालं. पोस्ट माउंटमध्ये आटे गेले तर फ्रेमलाच इन्सर्ट (नव्या आट्यांची नळी) बसवावा लागतो. म्हणून टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) वापरा. बहुतेक कॅलिपरचे बोल्ट 6 ते 10 न्यूटन-मीटरच्या दरम्यान आवळायचे असतात. नेमका आकडा कंपनीचाच पाळा.

प्रश्न : मागचा ब्रेक पूर्ण दाबला तरी सायकल पुढे-मागे केली की ‘टक्’ असा आवाज येतो आणि चाक किंचित हलतं. ब्लीडिंग (ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढणं) करून झालं. कॅलिपर बदलू का?

इतक्यात नको. ही तक्रार ट्रायल्समध्ये सर्वांत जास्त दिसते आणि दोष बहुतेक वेळा ऑइलमध्ये नसतोच.

लिव्हर दाबून धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी सायकल पुढे-मागे हलवायला सांगा. मग कॅलिपर आणि माउंट जिथे भेटतात, बरोबर त्या फटीवर बोटाचं टोक ठेवा. डोळ्यांना दिसत नाही इतकी हालचाल बोटाला कळते. तिथे काही जाणवलं तर कॅलिपर उतरवून माउंटची सपाटी बघा. नव्या फ्रेमवर तिथे पुष्कळदा जाड रंग असतो. जोराने तो दबतो, चिरडतो आणि बोल्टचा ताण जातो. दुकानात फेसिंग करून, म्हणजे हत्याराने तासून, ती जागा धातूपर्यंत सपाट करून घ्या. सपाटी वाकडी होती की नाही हे पॅड सांगतील: ते एका कडेला जास्त झिजलेले असले तर कॅलिपर तिरकाच बसत होता.

माउंट ठीक निघालं तर बोट डिस्क आणि हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) जोडावर न्या. सहा बोल्टच्या डिस्कचे टी-25 बोल्ट तपासा. मधला भाग वेगळा आणि रिव्हेटने जोडलेला, अशी फ्लोटिंग डिस्क असेल तर आवाज तिचाच असू शकतो. ट्रायल्सला एकसंध डिस्कच लावावी, हे माझं ठाम मत आहे.

तिसरी शक्यता, पॅड स्वतःच कॅलिपरच्या खाचेत हलतो. दिशा बदलली की एकदाच ‘टक्’. थोडी जागा तिथे असावीच लागते. आवाज फार असेल तर दुसऱ्या कंपनीचे, मागची पट्टी खाचेत जास्त घट्ट बसणारे पॅड लावून बघा.

एवढं करूनही काही सापडलं नाही तर स्पोक (चाकाचे आरे) बघा. डिस्क फक्त हबला धरते, रिमपर्यंत जोर स्पोकमधूनच जातो. ते ढिले असले की हब आत किंचित पिळला जातो.

प्रश्न : 26 इंची सायकलला मागे मॅग्युरा एचएस-33 रिम ब्रेक आहे. 160 ची डिस्क लावली तर तितकीच पकड मिळेल का?

हिशेब करून बघू. 26 इंची रिमचा बीडचा (टायरची कड बसते तिथला) व्यास 559 मिलिमीटर, म्हणजे रिम ब्रेकचे पॅड केंद्रापासून साधारण 27-28 सेंटिमीटरवर पकडतात. 160 च्या डिस्कचे पॅड जेमतेम 7 सेंटिमीटरवर. तेवढंच चाक धरायला डिस्कवर साधारण चौपट घर्षण लागतं. आधुनिक कॅलिपर ते देतो, पण त्या जोराखाली हब, स्पोक, माउंट सगळं ताणलं जातं. 180 केली तर डिस्कवर लागणारं घर्षण सुमारे एक-नवमांश कमी होतं. पकडीसाठी रिम घासून खरखरीत ठेवायचा कंटाळा नसेल आणि पावसात फारसं चालवत नसाल, तर मागचा एचएस-33 काढू नका. डिस्क पुढे लावा.

प्रश्न : डाउनहिलचा (डोंगर उतरायच्या शर्यतीच्या सायकलचा) चार पिस्टनचा कॅलिपर ट्रायल्सला चांगला की दोन पिस्टनचा?

पिस्टन पॅडला डिस्कवर ढकलतात. चार पिस्टनचा मोठा फायदा लांब उतारावर ब्रेक तापताना दिसतो, आणि ट्रायल्समध्ये ब्रेक तापतच नाही. पकड चार पिस्टनमध्ये जास्त मिळू शकते, पण लिव्हरची चाल, एका बोटाने मिळणारी ताकद आणि ब्रेक अचानक सोडता येणं हेही तितकंच महत्त्वाचं. होपने खास ट्रायल्ससाठी बनवलेला ब्रेक दोन पिस्टनचाच आहे. हातात घेऊन बघा आणि मग ठरवा.

मात्र डिस्कची जाडी जुळवा. मॅग्युराची नवी डिस्क 2 मिलिमीटर जाड असते आणि 1.8 ला बदलायची असते. शिमानोची नवीच 1.8 असते. ती मॅग्युरा कॅलिपरमध्ये घातली की सुरुवातच झिजलेल्या मापापासून होते आणि लिव्हर हँडलच्या जवळ येतो.

प्रश्न : रोड सायकलचा फ्लॅट माउंट कॅलिपर चालेल का?

नाही. त्याची भोकं, बोल्ट, बैठक सगळंच वेगळं आहे. मधे पट्ट्या लावून जुळवाजुळव करू नका.

प्रश्न : घरात डॉट-4 ब्रेक ऑइल पडून आहे. मॅग्युरात भरू का?

अजिबात नको. मॅग्युरा आणि शिमानोला मिनरल ऑइल, होपला डॉट. चुकीच्या ऑइलने सील फुगतात आणि पूर्ण ब्रेक निकामी होतो.

प्रश्न : नवे पॅड लावले, पण पकडच नाही. ट्रायल्स सायकलला ना सीट ना वेग. बेड-इन करू, म्हणजे पॅड डिस्कवर घासून बसवू, कसं?

ऑरगॅनिक पॅड घेतले असतील तर उत्तम, थंड असताना ते चांगले धरतात. गिअर लहान असल्यामुळे सपाटीवर वेग मिळत नाही, म्हणून मोकळा उतार शोधा. लिव्हर हलका दाबून खाली या, पण चाक जाम होऊ देऊ नका. पुन्हा वर जा, पुन्हा या. मधे एक-दोनदा डिस्कवर थोडं स्वच्छ पाणी ओता आणि ब्रेक ओढत ते वाळवा. डिस्कवर सगळीकडे सारखा करडा पट्टा दिसला आणि पकड वाढायची थांबली की मग उड्या सुरू करा. चेनला तेल घालताना डिस्कवर फडकं टाकायला विसरू नका.