सीएफओ म्हणून रुजू होताय? वकिलाचा खर्च कोण देणार ते सहीआधी ठरवा

प्रश्न असा आहे: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) म्हणून जायचंय, उद्या शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीची चौकशी लागली तर वकिलाचं बिल कोण भरणार? एचआर म्हणतंय, "आपला डी अँड ओ विमा आहे." म्हणजे संचालक आणि अधिकाऱ्यांवरच्या दाव्यांसाठी कंपनीने काढलेला विमा.

तेवढ्यावर थांबू नका, पॉलिसी मागून घ्या. सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदलेल्या कंपन्यांना हा विमा सक्तीचा आहे, पण तो स्वतंत्र संचालकांसाठी. सीएफओसाठी तशी सक्ती नाही. म्हणून 'विमाधारक व्यक्ती'च्या व्याख्येत संचालक नसलेला सीएफओ बसतो का, ते आधी पाहा. तिमाही निकालांत खोटं किंवा दिशाभूल करणारं काही नाही, असं प्रमाणपत्र सीईओबरोबर तुम्हीही देता. त्यामुळे चौकशीत पहिल्या काही नावांत तुम्ही असणारच.

मग विम्याच्या रकमेची मर्यादा कोणाकोणात वाटली जाते ते बघा. 25 कोटींची पॉलिसी ऐकायला भरभक्कम वाटते. पण त्याच रकमेतून कंपनीचा स्वतःचा बचाव आणि डझनभर संचालकांचे वकील निघणार असतील, तर तुमची पाळी येईपर्यंत तळ दिसतो. फक्त व्यक्तींसाठी राखीव असलेली 'साइड ए'ची वेगळी मर्यादा मागा. फसवणूक केली तर विमा मिळणार नाही, हे कलम 'अंतिम निकालानंतरच' लागू होईल असं हवं. नुसत्या आरोपावर विमा कंपनीने हात वर केले तर काय उपयोग? आणि दंड विम्यातून सुटेल असं धरून चालू नका.

बरेच दावे अडकतात ते उशिरा कळवल्यामुळे. ही पॉलिसी 'क्लेम्स-मेड' असते: चूक कधी झाली यापेक्षा दावा कधी आला आणि कधी कळवला, हे महत्त्वाचं. सेबीचं साधं माहिती मागणारं ईमेल येतं, लीगल विभाग उत्तर देऊन मोकळा होतो, पॉलिसी संपल्यावर नवी दुसऱ्या विमेकाराकडे घेतली जाते आणि आठ महिन्यांनी समन्स. जुना विमेकार म्हणतो मुदत संपली, नवा म्हणतो हे आधीच माहीत होतं. म्हणून पहिल्या पत्रालाच 'संभाव्य दाव्याची परिस्थिती' म्हणून विमेकाराला लेखी कळवायला लावा. वकीलही विमेकाराच्या लेखी संमतीनंतरच नेमा, नाहीतर आधीची बिलं कापली जातात.

विम्याशिवाय कंपनीशी वेगळा इंडेम्निटी करार, म्हणजे तुमचा खर्च कंपनी भरून देईल असा करार, हवा. त्यात खर्च आगाऊ मिळेल असं लिहून घ्या. 'नंतर परतफेड' म्हणजे दोन-तीन वर्षं स्वतःचा खिसा. राजीनाम्यानंतरही करार लागू राहावा आणि चौकशीपुरते जुने ईमेल, बोर्डाचे कागद पाहायला मिळावेत. चौकशी अनेकदा नोकरी सोडल्यावर येते आणि ईमेल खातं शेवटच्या दिवशीच बंद होतं. घरी कॉपी नेणं हा त्यावर उपाय नव्हे, ती नवी भानगड आहे.

समन्स आलंच तर तारीख टाळू नका. सेबी कायद्याच्या कलम 11सी खाली हजर न राहिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वेळ हवा असेल तर तारखेआधी लेखी मागा. ईमेल आपोआप पुसणं आणि व्हॉट्सअ‍ॅपचे गायब होणारे मेसेज त्याच दिवशी बंद करा. कंपनीचा वकील कंपनीचा असतो. हितसंबंध वेगळे दिसू लागले की स्वतःचा घ्या. नोकरीतल्या इन-हाउस वकिलाशी मनमोकळं बोलू नका, वकील-अशिलाच्या गोपनीयतेचं पूर्ण संरक्षण त्याला नाही. जबाब वाचून मगच सही होते, तेव्हा ओळ न् ओळ वाचा. तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीबद्दल अंदाज ठोकण्यापेक्षा "कागद पाहून सांगतो" म्हणा. सही केलेला अंदाज पुढे पुरावा म्हणून वापरला जातो.

कारणे दाखवा नोटीस आली की तपास अहवालातला संबंधित भाग मागा, टी. टकानो प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केलाय. सेबीच्या आदेशाविरुद्ध सॅटमध्ये (रोखे अपील न्यायाधिकरण) अपिलाला 45 दिवस, आणि सेबीशी तडजोडीच्या अर्जाला नोटीस मिळाल्यापासून 60 दिवस असतात. तडजोडीलाही विमेकाराची संमती लागते आणि ती यायला आठवडे जातात. तेव्हा नोटिशीची प्रत ज्या दिवशी वकिलाकडे जाईल, त्याच दिवशी विमा ब्रोकरकडेही जाऊ द्या.