वृद्धाश्रमात कार्यक्रम रंगात आला की कर्मचारी मध्येच येऊन कुणाला तरी उठवून नेतात. काय करावं?

आधी व्यत्यय कशासाठी आहे ते बघा. पार्किन्सनच्या गोळ्या, जेवणाआधीचं इन्सुलिन वेळेवरच द्यावं लागतं. तिथे अडवू नका. पण वजन करणं, नखं कापणं, अंघोळ ही कामं अर्धा तास थांबू शकतात. आठवड्याचं वेळापत्रक मुख्य नर्ससोबत बसूनच ठरवा आणि औषधांच्या फेरीच्या वेळी गाण्यांचा कार्यक्रम ठेवूच नका.

स्मृतिभ्रंश असलेल्यांचं लक्ष एकदा तुटलं की पुन्हा लागायला फार वेळ जातो, कधी लागतच नाही. एखाद्या आजी नुकत्या बोटांनी ताल धरू लागलेल्या असतात, तेवढ्यात कुणीतरी मागून येऊन न बोलता व्हीलचेअर फिरवतं. त्या दचकतात आणि दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरतात. हे बघवत नाही. न्यायचंच असेल तर समोरून यावं, वाकून, नजरेला नजर देऊन विचारावं आणि काम झालं की परत आणून बसवावं. हे परत आणणंच बहुतेकदा राहून जातं.

कर्मचाऱ्याला सगळ्यांसमोर बोलू नका, नंतर बाजूला घेऊन सांगा. त्यांच्याही मागे कामांची रांग असते. एखाद्या दिवशी त्यांनाच दोन मिनिटं टाळ्या वाजवायला बसवा.