मुंब्रा बायपास बंद असला की ऐरोली-ठाण्यात इतकी कोंडी का होते?

कारण तो बायपास फक्त मुंब्र्याचा नाही. न्हावाशेवा बंदरातून गुजरात किंवा नाशिककडे निघालेले कंटेनर कळंबोली, तळोजा, शिळफाटा, मग पारसिकच्या डोंगराला वळसा घालणारा हा बायपास आणि पुढे खारेगाव, अशा वाटेने जातात. गुजरातची गाडी माजिवड्याहून घोडबंदर रोडला लागते. म्हणजे मुंबईत न शिरता बंदराचा माल बाहेर काढणारी ही मुख्य वाट.

2018 च्या मेमध्ये दुरुस्तीसाठी बायपास बंद केला, तेव्हा बरीच अवजड वाहने ठाणे-बेलापूर रोड आणि ऐरोलीमार्गे वळवली होती. तिथे आधीच ऑफिसच्या बसेस आणि एमआयडीसीचे टेम्पो. पर्यायी रस्ते कागदावर असतात, पण ट्रेलर वळण्याइतकी जागा तिथे असावी लागते ना!

ऐरोली-काटई मार्गासाठी पारसिकमधून बोगदा खोदला आहे. त्याने डोंबिवलीकरांचा शिळफाट्याचा वळसा वाचेल. कंटेनरना मात्र त्याचा फारसा उपयोग नाही असं मला वाटतं. त्यांच्यासाठी विरार-अलिबाग कॉरिडॉर, म्हणजे विरार ते अलिबाग असा नियोजित महामार्ग हवा. तोवर बायपासच्या दुरुस्तीची बातमी दिसली की ऐरोलीकरांनी सरळ ट्रेन धरावी.