झोप घरी विसरली

कोथरूडला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी १९९४ पासून सव्वीस वर्षं पाळणाघर चालवलं. करोनात बंद केलं ते बंदच राहिलं. या महिन्यात आलेल्या चार पत्रांत एकच रडगाणं आहे: बाळ घरी झोपतं, बाहेर झोपत नाही. म्हणून चारही एकदमच घेतली.

प्रश्न : माझा मुलगा दहा महिन्यांचा आहे. माझी रजा संपली, आई चार महिने येऊन राहिली, तीही आता परत गेली. महिन्यापूर्वी त्याला पाळणाघरात ठेवायला लागलो. सकाळी नवरा पोटाशी बांधून स्कूटरवरून सोडतो, वाटेत तो पेंगतो. घरी झोळीत घातलं की दहा मिनिटांत झोपतो. तिथे सगळ्या मुलांना जेवणानंतर एक वाजता झोपवतात; हा जेमतेम वीस मिनिटं, तेही ताईंच्या खांद्यावर. संध्याकाळी आणायला जाते तेव्हा डोळे लाल आणि मग रात्रीपर्यंत नुसता किंचाळतो. ताई म्हणतात, सवय होईल. सासूबाई म्हणतात, नोकरी सोड. – एक आई, बाणेर

उत्तर : नोकरीचा निर्णय सासूबाईंवर सोपवू नका, माझ्यावरही नको. आपण झोपेचं बघू.

आधी एक गोष्ट सांगते. माझ्याकडे सव्वा वर्षाची एक मुलगी होती. आईची जुनी ओढणी नाकाशी धरली की दोन मिनिटांत गार. आमच्या मदतनीस मावशी म्हणजे स्वच्छतेचा अवतार. एका सोमवारी त्यांनी ती ओढणी धुऊन, निळीतून काढून, कडक उन्हात वाळत घातली. दुपारी पोरीने तिचा वास घेतला, ओढणी भिरकावली आणि चार वाजेपर्यंत रडली. तिच्यामुळे बाकीचे सात उठले ते वेगळंच. पुण्यात पाट्यांना तोटा नाही. त्यात त्या दिवशी माझी एक पडली: ‘मुलांच्या चिंध्या धुऊ नयेत.’

त्या दिवसापासून नव्या पालकांना मी एकच काम लावायचे. घरी झोपायच्या आधीच्या पंधरा मिनिटांत काय काय होतं ते कागदावर लिहून आणा. पडदा कोण ओढतं, दूध आधी की लंगोट आधी, पंखा कितीवर, थोपटायचं पाठीवर की कुल्ल्यावर. एका बाबांनी लिहिलं, ‘काही नाही, आपोआप झोपतो.’ मुलगा आठवडाभर आमच्याकडे टक्क जागा. शेवटी आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अहो, मी कानाशी पाढे म्हणते की! बे एके बे पासून.’ आजींकडे तो दहाच्या पाढ्याच्या आत झोपायचा, मला पहिल्या दिवशी एकोणीसपर्यंत जावं लागलं. एकोणीसचा मला नीट येत नाही, पण त्याची त्याने तक्रार केली नाही.

तुमचा असा कागद करा आणि ताईंना द्या. मूल भिंती ओळखून झोपत नाही, कशामागून काय येतं ते ओळखून झोपतं. ओळ तीच ठेवली तर खोली बदललेली त्याला चालते.

झोळीचं मात्र तुम्हाला घरीच बदलावं लागेल. ताई आठ मुलांना आठ झोळ्या कुठून टांगणार? शिवाय झोळीत अंग वाकतं, तान्ह्याची हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, आणि दहा महिन्यांचं बाळ तर उभं राहून बाहेर पडतं. या शनिवारी सुरुवात करा. दोन दिवस झोका लहान, मग दोन दिवस झोळी स्थिर ठेवून नुसतं थोपटणं, मग खाली गादीवर. पाठीवर, सपाट, घट्ट गादीवर. वर्षाचं होईपर्यंत तोंडाशी उशी, लोड, मऊ बाहुली, सैल पांघरूण काही नको. आईचा वास हवा तर तुमची दोन दिवस नेसलेली सुती साडी दुमडून गादीवर ताणा आणि चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचा. ओढणी उराशी धरायची चैन वर्षानंतर.

आता एक वाजताची झोप. दहा महिन्यांच्या मुलाला दिवसातून दोनदा झोप लागते, एक साधारण साडेनऊ-दहाला आणि दुसरी दीड-दोनच्या सुमारास. दोनाची एक होते ती बहुतेकांची पंधरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. त्याला एकपर्यंत ताणलं तर तो दमून झोपेल असं वाटतं, पण होतं उलटं. फार दमलेलं शरीर जागं राहण्याच्या मागे लागतं, मग खांद्यावर वीस मिनिटं आणि पुन्हा भोंगा. ताईंना दोष देत नाही हं, पहिली चार वर्षं मीही सगळ्यांना एक वाजता एका रांगेत झोपवायचे आणि तान्ह्यांना ‘रडके’ म्हणायचे. त्यांना विनंती करा की त्याला दहाला कोपऱ्यातल्या खोलीत अर्धा-पाऊण तास झोपवा. एका मुलासाठी वेगळी वेळ जमणार नाही म्हणाले, तर ते पाळणाघर मोठ्या मुलांसाठी चांगलं असेल, तुमच्यासाठी नाही.

या वयाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप सांगितली आहे. तुमचा मुलगा बाराच्याही खाली असावा. म्हणून घडी बसेपर्यंत त्याला संध्याकाळी सातला झोपवा. बाबा साडेआठला येणार म्हणून जागं ठेवायचं नाही. बाबांनी सकाळी लवकर उठून खेळावं.

बाबांवरून आठवलं, ती स्कूटर. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा नियम २०२२ साली निघाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. पोटाशी बांधलेलं, पेंगलेलं, मान लुळी पडलेलं मूल घेऊन बाणेर रस्त्याच्या गर्दीतून जाणं मला बघवणारही नाही. रिक्षा करा.

शिवाय आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत मुलं आईला सगळ्यात जास्त चिकटतात, आणि तुमची सुरुवात नेमकी तिथे झाली. त्यात कुणाची चूक नाही. फक्त त्याचं लक्ष नसताना पळू नका. टाटा करा, रडू द्या, निघा. चोरून गेलेली आई परत कधीही गायब होईल, मग डोळा मिटायचा तरी कशाला, असं त्याचं गणित असतं.

आणि कचेरीत विचारा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय असली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, हे २०१७ पासून कायद्यात आहे. एचआरवाल्या बाईंना ठाऊक नसलं तर तुम्ही सांगा.

प्रश्न : नात सव्वादोन वर्षांची. दर रविवारी मुलगा-सून तिला वाघोलीहून गाडीने आमच्याकडे निगडीला आणतात, साडेअकरा-बारापर्यंत पोचतात. येताना शेवटची वीस मिनिटं झोपते, मग दुपारभर झोपत नाही आणि चार वाजता भोकाड पसरते. ती आली की शेजारचे कौतुकाने बघायला येतात. सून मोबाइलमध्ये तक्ता बघून म्हणते, ‘आता वेळ गेली.’ आमची तीन मुलं वाड्यात ओट्यावर, लग्नात सतरंजीवर, कुठेही झोपली. आताच्या मुलांना झालंय काय? – एक आजोबा, निगडी

उत्तर : आजोबा, तुमची मुलं कुठेही झोपायची हे मान्य. पण त्यांना झोपवायचं कोण, ते आठवतंय का? तुम्ही तेव्हा कंपनीत पहिल्या पाळीला असणार. ओट्यावर असो की सतरंजीवर, मांडी त्याच काकूची, आत्याची असायची, आणि थोपटायची पद्धतही तीच. फक्त ओटा बदलायचा.

तुमचा प्रश्न सोडवायला सोपा आहे, कारण उत्तर तुम्हीच लिहिलंय: शेवटची वीस मिनिटं. माणूस जागा असतो तोवर मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो आणि झोपेची भूक वाढत जाते. गाडीतली डुलकी म्हणजे जेवणाआधी दोन बिस्किटं. पोट भरत नाही, पण ताटावर बसायची इच्छा जाते. सूनबाईंच्या तक्त्यात हेच असतं, तेव्हा त्या तक्त्याला हसू नका.

तर एक करा. त्यांना सकाळी आठलाच निघायला सांगा. तेव्हा ती ताजी असते, वाटेत झोपत नाही, रस्ताही मोकळा मिळतो. तुमच्याकडे नाश्ता, साडेअकराला वरणभात आणि साडेबाराला झोप. नाहीतर मग दुपारची झोप वाघोलीतच उरकून तीनला या. मी पहिलं सुचवीन, कारण दुसऱ्यात आजीला जेवू घालायला मिळत नाही आणि त्याचा राग शेवटी सुनेवरच निघतो.

शेजाऱ्यांना दहाची वेळ द्या. बारानंतर दार बंद. तिची एक चादर निगडीलाच ठेवा, तीच दर रविवारी. आणि तुम्ही स्वतः दुपारी आडवे होताच ना? मग टीव्ही बंद करून तिच्याशेजारी आडवे व्हा. घोरलात तरी चालेल, एकसुरी आवाजावर मुलं छान झोपतात. ‘झोप, झोप’ म्हणायचं नाही, मोठ्यांनी डोळे मिटले की त्यांचेही मिटतात. तरी तीनपर्यंत नाहीच झोपली, तर सोडून द्या आणि रात्री तासभर आधी झोपवा. साडेचारला झोपवलंत तर रात्री अकरापर्यंत वाघोलीत तुमच्या नावाने बोटं मोडतील.

प्रश्न : आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन स्वारगेटहून एसटीने कोल्हापूरला माहेरी जायचंय. मैत्रीण म्हणते, सर्दीचं औषध अर्धा चमचा दे, गाढ झोपेल. एका काकूंनी जायफळ सांगितलंय. – एक वाचक, धनकवडी

उत्तर : दोन्ही नको.

झोप आणणाऱ्या सर्दीच्या औषधांपैकी प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत, कारण त्याने श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नका, असं आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं, आणि सहाणेवर किती वेढे पडले ते कोण मोजतं? पूर्वी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळगोळी चाटवून कामावर जायच्या. त्यांना दुसरा इलाजच नव्हता. तुम्हाला आहे.

तिच्या दुपारच्या झोपेच्या थोडं आधीची गाडी धरा. चाकावरची आणि मागची सीट टाळा. गाडी दक्षिणेला जाते, म्हणजे दुपारचं ऊन ड्रायव्हरच्या बाजूने येतं, तुम्ही दरवाजाच्या बाजूला बसा. तिला पुढे बांधणार असाल तर मान खाली न वाकवता तिच्या टाळूचा पापा घेता आला पाहिजे, चेहरा दिसला पाहिजे, हनुवटी छातीवर पडता कामा नये. गाडी सुटल्यावर पाजा, मग नेहमीचं गाणं. नाही झोपली तर खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर दाखवा. सहा तासांत माहेर येतं, आणि तिथे तुम्हालाच झोपायला मिळेल.

प्रश्न : नणंदेचं लग्न सिंहगड रस्त्यावरच्या कार्यालयात आहे. मुहूर्त १२.२७. माझा चौदा महिन्यांचा मुलगा साडेबाराला झोपतो! – एक वहिनी

उत्तर : मुहूर्त हलणार नाही, झोप हलेल. आदल्या दोन दिवसांत रोज पंधरा-वीस मिनिटं पुढे सरकवा आणि अक्षता पडल्या की पाचव्या मिनिटाला त्याला उचला. ढोल-ताशा असेल तर त्याच्यासमोर उभं राहू नका, लहान कानांना तो फार होतो.

खोली आजच सांगून ठेवा. वधूपक्षाची नको, तिथे दर दहा मिनिटांनी कुणीतरी साडी बदलायला येतं आणि दिवा लावतं. मागच्या बाजूची, स्वयंपाकघरापासून लांबची मागा, किल्ली तुमच्याच पदराला. खाली गादी, त्यावर घरची चादर, खिडकीला एक गडद शालू. तो उठेपर्यंत तुमची पंगत उठलेली असेल, तेव्हा दिराला आधीच बजावा: ताट झाकून खोलीत, मठ्ठ्यासकट.