खाडीवरून वीज नेताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ऊर्जा कंपन्यांच्या प्रकल्पांआधी आणि नंतर तिथल्या जिवांची पाहणी करणं हे माझं काम. ठाणे खाडीवरच्या वीजवाहिन्यांबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यातले पाच इथे घेते.

आमच्याकडून वाहिनी नेणाऱ्या कंपनीच्या अहवालात लिहिलंय की, हजारो झाडं लावून जैवविविधतेवरच्या परिणामाचं व्यवस्थापन केलं. म्हणजे नेमकं काय केलं? – एक नोकरदार, ऐरोली

या कामाचा एक ठरलेला क्रम आहे. आधी नुकसान टाळायचं. टाळता येत नाही ते कमी करायचं. जे बिघडलं ते त्याच जागी पूर्ववत करायचं. एवढं करूनही जे उरेल, त्याचीच भरपाई दुसरीकडे करायची. झाडं लावणं ही शेवटची पायरी आहे. अहवालात तेवढीच दिसत असेल, तर आधीच्या तीन पायऱ्यांवर काय केलं हे कंपनीला विचारा. माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : वाहिनीचे किती मार्ग तपासले आणि हाच का निवडला? मनोरे कागदावर असतात तोवर ते सरकवता येतात. पाया ओतल्यावर फक्त सावरासावर उरते.

ठाणे खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तरीही वीजवाहिन्या २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेच्या यादीत नाहीत. औष्णिक प्रकल्पाला लागते तशी जनसुनावणी वाहिनीला लागत नाही. मला ही मोठी उणीव वाटते, कारण मार्ग ठरतो तेव्हा स्थानिकांना बोलायची जागाच मिळत नाही. वनजमीन, अभयारण्य आणि सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) परवानग्या मात्र लागतात. शिवाय तिवरं (कांदळवनातली झाडं) तोडायची असतील, तर २०१८ च्या निकालानुसार मुंबई उच्च न्यायालयाकडेही जावं लागतं.

भरपाईची तिवरं कुठे लावली तेही पाहा. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यावर लावली असतील, तर रोहित (फ्लेमिंगो) आणि तुतवार या पाणपक्ष्यांची चरायची जागाच गेली. मोकळा चिखल म्हणजे पडीक जमीन नव्हे.

मनोऱ्यासाठी थोडीच तिवरं तोडली असं सांगितलं होतं. पण पलीकडची न तोडलेली झाडंही वाळू लागलीत. निवट्या, चिंबोऱ्या मिळेनाशा झाल्यात. आमचाच काही गैरसमज होतोय का? – मासेमारी करणारे वाचक, दिवाळे

गैरसमज मुळीच नाही, दादा. जागा न पाहता मी शेवटचं मत देणार नाही, पण तुम्ही सांगताय ती लक्षणं पाणी अडल्याची आहेत.

मनोरा जेवढी जागा घेतो, त्याहून जास्त नुकसान तिथवर पोचण्यासाठी केलेला रस्ता करतो. यंत्रं चिखलात रुततात म्हणून मुरूम-दगडांचा भराव घालतात. तो भराव बांधासारखा आडवा पडतो आणि भरतीचं पाणी पलीकडे जाणं थांबतं. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात. ती सतत साचलेल्या पाण्यात राहिली किंवा गाळाखाली गेली की झाड गुदमरतं. भरतीच पोचेनाशी झाली, तर जमीन सुकते आणि क्षार वाढतात. दोन्ही प्रकारे झाड मरतं, आणि तेही काम संपून कंत्राटदार निघून गेल्यावर. म्हणूनच तोडलेल्या झाडांचा आकडा खरा असूनही नुकसानीचा आकडा खोटा ठरतो.

निवटी (चिखलात राहणारा मासा) आणि चिंबोरी (खेकडा) भरती-ओहोटीच्या पाण्यावर जगतात. बोय, जिताड्याची पिल्लं याच फाट्यांतून आत येऊन वाढतात. भरावाखाली दोन-चार पाइप टाकले की झालं, असं कंपनीचे अभियंते सांगतात. ते पाइप गाळाने लवकर बुजतात. नीट काम करायचं तर साहित्य तराफ्यावरून आणायचं, तात्पुरत्या वाटेसाठी उचलून नेता येतील असे पाट किंवा वाळूच्या पिशव्या वापरायच्या, आणि काम संपताच सगळं काढून चिखलाची मूळची पातळी मोजून परत आणायची. उधाणाच्या दिवसांत पाणी आतल्या टोकापर्यंत पोचतंय का, हे कामाआधी आणि कामानंतर पाहायचं. ही पाहणी तुमच्याइतकी चांगली कोणी करू शकत नाही. कंपनीने कोळीवाड्यातल्या माणसांना मोबदला देऊन ती करून घ्यावी असं मी प्रत्येक प्रकल्पात सुचवते.

तुम्ही आत्ता काय कराल? उधाणाला आणि भांगाला (भरती लहान असते तेव्हा), एकाच जागेवरून, तारीख दिसेल असे फोटो काढा. भराव अजून तिथेच असेल तर त्याचाही काढा. ते जोडून वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली कांदळवनांसाठी समिती नेमलेली आहे. आयुक्तांचं कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात, म्हणजे तुमच्या जवळच आहे. तिथेही प्रत द्या आणि पोच घ्या.

फ्लेमिंगो तारांवर आपटतात का? तारांना लावलेल्या चकत्यांचा उपयोग होतो की केबल जमिनीखालूनच न्यायला हवी? – एक पक्षीनिरीक्षक, सीवूड्स

आपटू शकतात. अंगाने जड, हवेत पटकन वळता न येणारे आणि थव्याने उडणारे पक्षी तारांना जास्त बळी पडतात. भरतीला चिखल बुडाला की रोहित तुमच्याकडच्या पाणथळींवर विसाव्याला येतात आणि ओहोटीला परततात. ही ये-जा अंधारातही चालते. मोठ्या वाहिनीत सगळ्यात घातक असते ती वरची बारीक भूतार, म्हणजे विजेपासून संरक्षणासाठी सगळ्यात वर ओढलेली तार. जाड तारा दिसल्या म्हणून पक्षी वर उठतो आणि तिच्यावर आदळतो. चकत्यांमुळे धडका कमी होतात, पूर्ण थांबत नाहीत. रात्री दिसणाऱ्या चकत्या, पुरेशा जवळजवळ आणि भूतारेवरच लावल्या आहेत का ते पाहा.

आता कंपन्यांच्या अहवालांत दिसणारं एक वाक्य तपासूया : ‘पाहणीत एकही मृत पक्षी आढळला नाही.’ खाडीत पडलेला पक्षी पुढची भरती वाहून नेते. तिवरांत पडलेला कोल्हे नेतात, आणि नवी मुंबईच्या कांदळवनांत कोल्हे आहेत. त्यामुळे न सापडणं म्हणजे न मरणं नव्हे. प्रामाणिक पाहणीत आधी काही मृत पक्षी मुद्दाम ठेवून ते किती वेळात नाहीसे होतात हे मोजतात आणि मगच सापडलेल्या संख्येवरून अंदाज बांधतात.

भूमिगत केबल पक्ष्यांसाठी उत्तमच, पण खर्च अनेक पटींनी वाढतो. चर खणून टाकली तर तिवरं कापावी लागतात. खाडीखालून आडवं छिद्र पाडून ओढली तर तो त्रास टळतो. माळढोक या दुर्मीळ पक्ष्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली न्यायचा आदेश दिला होता, तो २०२४ मध्ये सैल केला. सगळी वाहिनी नाही, तरी थवे जिथून ओलांडतात तेवढा टप्पा खालून न्यावा, ही मागणी मला रास्त वाटते.

पावसाळ्यापूर्वी तारांजवळच्या फांद्या छाटतात. घरटी पडतात. थांबवता येईल का? – सोसायटीचे सचिव, ठाणे

छाटणी थांबवू नका. ओल्या फांदीमुळे माणसं आणि पक्षी दोघांनाही शॉक बसतो. पण ती हिवाळ्यात करून घ्या. एप्रिल ते जूनमध्ये कावळ्यांसह बऱ्याच पक्ष्यांची घरटी असतात. पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याला आणि वीज कंपनीच्या शाखा कार्यालयाला डिसेंबरातच पत्र द्या. वटवाघळं मरत असतील त्या खांबांवर उघड्या तारांना इन्सुलेशनचं वेष्टण मागा.

टाटा पॉवरच्या महाशीर संवर्धनाचं खूप कौतुक वाचलं. असे उपक्रम खरे की दिखाऊ? – एक विद्यार्थिनी, खारघर

हा उपक्रम खरा आहे. लोणावळ्याजवळ वळवणला १९७० च्या दशकापासून महाशीर या नदीतल्या माशाची पैदास होते आहे, आणि हे काम दिखाव्याचं म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं होईल. पण त्याची दुसरी बाजूही अभ्यास. तिथल्या निळ्या परांच्या महाशीरची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथे ती परकी ठरली आणि कावेरीच्या स्वतःच्या, पाठीवर उंचवटा असलेल्या महाशीरला भारी पडली. ती जात २०१८ पासून जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहे. चांगल्या हेतूने वाढवलेला मासा चुकीच्या नदीत गेला.

शिवाय जलविद्युत कंपनीचा मुख्य परिणाम नदीच्या पाण्यावर होतो. टाटा पॉवरच्याच ठोकरवाडी धरणातलं, मूळचं भीमा खोऱ्याचं पाणी भिवपुरीच्या वीजघरातून उल्हास नदीत येतं. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी कमी-जास्त झालं, तर काठावर अंडी घालणाऱ्या माशांचं काय होतं? प्रकल्पासाठी विषय शोधत असशील तर हा घे.

कंपनीची माहितीही हाताशी आहे. बाजारमूल्याने पहिल्या १००० शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता सांगणारा अहवाल, सक्तीचा केला आहे. त्यातलं सहावं तत्त्व पर्यावरणाचं. संवेदनशील क्षेत्रात किंवा त्याच्या आसपास कुठे काम चालतं, हे तिथे सांगावं लागतं. जैवविविधतेवर काय परिणाम झाला आणि तो रोखायला काय केलं, हा प्रश्न मात्र ऐच्छिक भागात आहे. तीन-चार वीज कंपन्यांचे अहवाल शेजारी ठेव आणि तो रकाना कोणी भरलाय, कोणी ‘लागू नाही’ लिहून सोडलाय ते बघ.