कॅमेरा अस्सल आहे, पण नवा?

प्रश्न : पक्ष्यांचे फोटो काढायला गेल्या आठवड्यात ऑनलाइन निकॉन डी७५०० मागवला, सोबत १८-१४० लेन्स. खोक्याला सील नव्हतं आणि पहिल्याच फोटोचा नंबर ०४१३ आला! विक्रेता म्हणतो, "कंपनीकडूनच असा येतो." मी अजून साठेक फोटोच काढलेत. कॅमेरा डुप्लिकेट तर नाही ना? खोक्याचे, कॅमेऱ्याच्या तळाचे फोटो आणि त्या कॅमेऱ्यानं काढलेला एक मूळ फोटो ईमेलनं पाठवतो आहे.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी सीलचं बघू. फोर्टात बोरा बाजारच्या गल्लीत तीस वर्षं कॅमेरे उघडून बसलो, पण सीलवरून मी कधी काही ठरवलं नाही. बिनसीलाची खोकी कंपनीकडूनही येतात आणि गोल पारदर्शक स्टिकरांचा रोल स्टेशनरीच्या दुकानात कोणालाही मिळतो. एवढ्यापुरता तुमचा विक्रेता खोटं बोलत नाही.

फोटोच्या नंबरावरूनही घाबरू नका. कार्ड कुठलं घातलंत? जुन्या कॅमेऱ्यातलं, फोटो असलेलं कार्ड असेल तर निकॉन त्यातल्या नंबराच्या पुढे मोजू लागतो. उलट, महिनाभर वापरलेल्या कॅमेऱ्याची मोजणी मेनूतून पुन्हा ०००१ वर आणता येते. हा नंबर साक्षीला घेण्याच्या लायकीचा नाही.

कॅमेरा अस्सल आहे. तळाचा सिरियल नंबर, खोक्यावरचा आणि फोटोच्या पोटात नोंदलेला, तिन्ही जुळले. बिलावरचा तेवढा तुम्ही पडताळा. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, आयातीचा महिना-वर्ष असं लेबलही आहे. परदेशातून परस्पर आणलेल्या 'ग्रे' मालावर ते सहसा नसतं. तो कॅमेराही अस्सलच असतो म्हणा, फक्त वॉरंटीची वेळ आली की इथलं सर्व्हिस सेंटर हात वर करतं.

तुमच्यासारखा अख्खा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) नकली बनवणं कोणाला परवडत नाही, त्यामुळे फसवणूक होते ती वेषांतरानं. एक गृहस्थ माझ्याकडे डी८००ई घेऊन आले होते, डी८०० पेक्षा जास्त पैसे मोजून घेतलेला. फोटो लावून माहितीचं पान काढलं तर तिथे नाव डी८००. पुढचं कव्हर तेवढं बदललेलं. बिचारे बराच वेळ काउंटरवरच बसून राहिले.

आता नवा आहे का? इथे मात्र माझी जीभ अडखळते. तुमचा मूळ फोटो मी एक्झिफटूल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडला. (व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला असतात तर आतली माहिती गळून गेली असती, ईमेल केलात ते बरं केलंत.) शटर, म्हणजे प्रत्येक फोटोला उघडमीट करणारा आतला पडदा, किती वेळा पडलं तो आकडा निकॉन फोटोतच लिहून ठेवतो. तुमच्यात तो १,८४६ आहे. कारखान्यातल्या चाचणीचे म्हणून थोडेफार क्लिक मी सोडून देईन, अठराशे नाही. शिवाय तळाच्या फोटोत ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती गोल घासल्याची खूण आहे. वर फ्लॅश सरकवायच्या पट्टीवरचा रंग उडालाय का, तेही बघा. (कॅननवाल्यांनो, तुमच्या बऱ्याच मॉडेलांत हा आकडा फोटोत सापडत नाही, कॅमेरा केबलनं जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरनं वाचावा लागतो.)

कोणीतरी वापरून परत केलेला हा कॅमेरा असावा. तो बिघडलेला नाही. याचं शटर दीड लाख क्लिकांच्या हिशोबानं बनवलंय, त्यात अठराशे म्हणजे काहीच नाहीत. पण पैसे तुमच्याकडून नव्याचे घेतलेत.

तेव्हा कॅमेरा आता वापरू नका, खोकं-पिशव्या-दोरे काही फेकू नका. परतीची मुदत संपायच्या आत तक्रार लेखी नोंदवा, फोनवर नको. शटरच्या आकड्याचा स्क्रीनशॉट जोडा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. नाही केलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

"दोन-तीन हजार परत देतो, ठेवून घ्या," असंही कदाचित म्हणतील. मी घेतले नसते. वॉरंटी आधीच्या गिऱ्हाइकाच्या तारखेपासून सुरू झालेली असू शकते. सिरियल नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला हे आजच विचारा.

बदली कॅमेरा आला की खोकं उघडताना व्हिडिओ काढा, कोरं कार्ड घाला, समोरच्या भिंतीचा एक फोटो काढा आणि मला ईमेल करा. (१८-१४० लेन्सनं पक्षी लांबच राहतील, पण ते तुम्ही विचारलेलं नाही.)