रेझ्युमेत रास कशाला?

प्रश्न : काकू, मी डी. फार्म.च्या (फार्मसी पदविकेच्या) शेवटच्या वर्षाला आहे. सोलापुरात अशोक चौकात राहतो, घरी तेलुगू बोलतो. रेझ्युमेचा नमुना सोबत जोडलाय. प्रशिक्षण सोडलं तर अनुभव शून्य. लिहू काय?

उत्तर : नमुना वाचला. जन्मवेळ, रास, मामाचं गाव... बाळा, स्थळ बघायचंय का? काढ ते सगळं.

प्रशिक्षणाचे ५०० तास म्हणजे शून्य होय? पण नुसतं ‘प्रशिक्षण पूर्ण’ लिहू नकोस. शेड्यूल एच-१ चं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या ठरावीक औषधांचं, रजिस्टर भरलंस? त्यात डॉक्टर, पेशंट, औषध, नग सगळं नोंदवतात आणि ते ३ वर्षं जपतात. मुदत संपत आलेला माल वेगळा काढलास? तेच लिही. बाळीवेशीत माझं औषधांचं दुकान होतं तेव्हा मी हेच आधी विचारायचे. एकाने ‘उत्कृष्ट संवादकौशल्य’ लिहिलं होतं. गिऱ्हाईक आलं की पोरगा कपाटाआड!

तुझी तेलुगू मात्र तळाशी, ‘छंद’च्या खाली? वर घे. विडी वळणाऱ्या आजीला ‘जेवणानंतर अर्धी गोळी’ तिच्या भाषेत सांगणारा पोरगा मी तरी लगेच ठेवला असता.

राज्याच्या फार्मसी कौन्सिलची नोंदणी होईपर्यंत ‘रजिस्टर्ड फार्मासिस्ट’ लिहायचं नाही हं. आणि एकच पान.